तीन नंबरची चिप

मस्तगड, जुना जालना
९ जानेवारी

सोमेश्वर,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो तुला माय रोज देते, माझ्याकडे सध्या शिल्लक नाही.

हे पाकीट बघून तू हसशील. म्हणशील, अक्का कुठल्या जमान्यात जगते! अरे, मग काय करू? फोनवर मला बंद करून ठेवलंस. मेल करते तर ती कुठल्या विहिरीत पडते कोण जाणे. रविवारी आबांच्या फोनवर मायशी बोलतोस, तेव्हा मी नुसतं "अरे ऐक" म्हटलं की तिकडून फोन कट. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, म्हणून हा खटाटोप.

मुद्द्याचं बोलते. मायचा पाय.

दिवाळीत तू पाहिलंस तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम होती, चपलेचा पट्टा घासून झालेली. साखरेच्या माणसाची जखम, ती काय भरते लवकर! आता ते बोट काळं पडलंय. मोजा काढला की वास येतो, आबा उठून बाहेर जाऊन बसतात. डॉक्टर बाईंनी स्वच्छ सांगितलं की हे बोट आत्ता काढा, एवढ्यावर भागेल. थांबलात तर कुठवर कापावं लागेल ते मला विचारू नका.

आणि तुझी माय काय म्हणते? "बिलकुल न्हाई. माझ्या सोमेशची पट्टी येऊन राह्यली. त्यानं सांगितलंय, बोट कापू देऊ नको म्हणून."

सांगितलंस ना तू तसं? मी स्पीकरवर माझ्या कानांनी ऐकलं. "माय, महिनाभर थांब, पट्टी आणतो." कोणाला विचारून सांगितलंस? तू डॉक्टर आहेस का? तुझी पट्टी अजून एकाही उंदराच्या अंगाला लागलेली नाही, आणि मायला शब्द देऊन मोकळा झालास.

ती पट्टी काय आहे हे तिला फक्त तूच समजावून सांगू शकलास, हेही खरं. "माय, तारेतून धावतात ते इलेक्ट्रॉन. आपल्या अंगातून धावतात ते प्रोटॉन, म्हणजे आंबटपणाचे कण. माझी पट्टी ते कण जखमेत मोजून सोडणार, नळाची तोटी फिरवावी तसे. जखम जराशी आंबट झाली की जंतू हटतात, कातडी येते." तेव्हापासून ती गल्लीभर सांगत फिरली, माझ्या लेकानं आंबटपणाची तोटी केली. फिरत होती तोवर.

कल्पना चांगली आहे, सोम्या. मी तेव्हाही म्हटलं होतं. दिवाळीत मी फक्त एवढंच विचारलं की पट्टीत बसवायला तू ज्या तीन चिप केल्यास, त्यातल्या एक नंबरच्या आणि दोन नंबरच्या चिपमधून प्रवाह इवलासा आणि तीन नंबरमधून धो धो, असं कसं? तिन्ही तूच एका दिवशी बनवल्यास. माझ्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत, माझ्याच टेबलावर मोजल्यास. त्यावर तू काय म्हणालास? "अक्का, तू जळतेस. तुला जन्मभर इथं परीक्षानळ्या धुवायच्यात." भाऊबीजेचं ताट तसंच ठेवून बॅग उचललीस. चाळिशीला आलेल्या बिनलग्नाच्या बहिणीला सगळेच काही ना काही बोलतात, त्याचं मला फार नाही. पण जळते? तुझी फी भरायला कोण जळत होतं ते आबांना विचार.

जाऊ दे. त्या तीन नंबरच्या जोरावर तुला बेंगळुरूच्या त्या कंपनीनं घेतलं, चांगलं झालं. मायला एवढंच सांग की बोट काढून घे, पट्टीचं नंतर बघू. ती माझं ऐकत नाही, आबांचं कधीच ऐकत नव्हती. तुझ्या एका फोनचं काम आहे.

अक्का

---

मस्तगड
१८ जानेवारी

सोमेश्वर,

पत्र पोहोचलं. पावतीवर सही तुझीच आहे, तो शेपटीवाला "श्व" मी ओळखते. तरी उत्तर नाही. रविवारी मायला मात्र विचारलंस, "अक्का काय म्हणते?" ती म्हणाली, "काई न्हाई, कॉलेजात असती." मी तिथंच ओट्यापाशी उभी होते.

संक्रांतीचे लाडू तिनं खुर्चीवर पाय ठेवून वळले, तुझा डबा वेगळा. त्यात माझी चिठ्ठी टाकली नाही. तिळगुळासोबत गोड बोलावं लागतं आणि मला ते जमणार नव्हतं.

आता नीट वाच. दिवाळीत तू जी चाचणी करू दिली नाहीस ती मी केली. जड पाण्याची.

संभाजीनगरच्या विद्यापीठातली माझी मैत्रीण मोनाली, तिच्याकडून इवलीशी बाटली आणली. चिप माझ्याच कपाटात होत्या, तू घाईत विसरून गेलास. मला न्यायला कॉलेजात आलेले आबा टेबलाशी येऊन बसले, "मीने, काय करून राह्यलीस?" त्यांना जसं सांगितलं तसंच तुला सांगते, कारण तू शिकलेलं विसरलास असा मला संशय आहे.

स्लॅब टाकताना माणसं रांग लावून घमेली हातोहात वर देतात. चिपवरच्या, झिंग्याच्या टरफलापासून केलेल्या आपल्या पापुद्र्यात ओल असते, त्या ओलीत प्रोटॉन असाच पाण्याच्या एका कणाकडून दुसऱ्याकडे दिला जातो. साध्या वाफेऐवजी जड पाण्याची वाफ दिली की घमेलं दुप्पट वजनाचं होतं. रांग मंदावलीच पाहिजे. मंदावली नाही, तर धावतंय ते प्रोटॉन नाहीत, दुसरंच कोणीतरी आहे. आबांचा जन्म एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये गेला, ओझं म्हणजे काय ते त्यांना कळतं. म्हणाले, "बराबर हाय."

एक नंबरची चिप लावली, प्रवाह जवळजवळ निम्म्यावर आला. दोन नंबरची लावली, तेच. दोघी गरीब पण खऱ्या. मग तीन नंबर लावली. ढिम्म. जड पाणी देऊन देऊन बाटली संपत आली, बाई जागची हलली नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली कडेला लालसर डाग दिसतो. तू म्हणाला होतास, चिपवरचा पॅलेडियम धातूचा थर खरवडला गेलाय. मी तेव्हा मान डोलावली होती. चिपचा डबा घरी आणून टेबलावर ठेवला, तर माय लांबूनच म्हणाली, "हीच का गं ती, जिला म्या कुकू लावलं व्हतं?"

मी वळून विचारलं, "कधी गं?"

"खंडेनवमीला. समदे हत्यारं पुजले न्हाई का, इळा, खुरपं, शिलाई मशीन, आबाची गाडी? सोमेशचा डबाबी ठिवला देवापुढं. म्हनलं, वरतून लावून काय फायदा, यंत्र तर आत हाय. झाकण काढलं, वल्या बोटानं एकीला टिकला लावला. मंग भेव वाटलं, लेकराचं बारीक काम, खराब व्हईल. जल्दी जल्दी वल्या फडक्यानं पुसून काढलं. काहून? काई झालं का?"

"काही नाही माय. उगी विचारलं."

कळलं का, सोमेश्वर? बाजारच्या कुंकवात हळद असली तर असते, बाकी चुना, तुरटी, रंग. क्षारच क्षार, आणि ओलीत क्षाराचे कणही प्रवाह वाहून नेतात. वर आपल्या बोअरचं पाणी, ज्यानं कुकर पांढरा होतो. ओल्या फडक्यानं तिनं ते पुसलं नाही, पापुद्र्यात मुरवलं. तुझा तो धो धो प्रवाह, ज्याचा आलेख तू स्टेटसला लावला होतास, तो मायच्या कुंकवाचा आहे.

जगात इतक्या प्रयोगशाळा आहेत. यंत्राला ओवाळून टिकला लावणारी माय आपलीच असायची होती! मला आधी हसूच आलं. मग तिच्या पायाकडे नजर गेली.

इथवर कोणाचाच दोष नाही. तिचा नाही, तुझाही नाही. तुला माहीत नव्हतं, आता माहीत झालं. पट्टी चालत नाही एवढं तिला सांग. कुंकवाचं बोलू नकोस, ती जिवाला लावून घेईल. मीही बोललेले नाही. नुसतं म्हण, "माय, पट्टीला वेळ लागतो, तू बोट काढून घे." याहून एक शब्द जास्त नको.

अक्का

---

मस्तगड
२७ जानेवारी

सोमेश्वर,

धन्य आहेस.

मी उत्तराची वाट बघत होते आणि तू पट्टीच पाठवलीस! तीही माझ्या नावानं नाही, मायच्या, "सौ. उषाबाई" म्हणून. कुरियरवाल्यानं हाक मारली तेव्हा मी कॉलेजात होते. घरी येऊन बघते तर देवापुढं खोकं, खोक्याला हळदकुंकू, आणि शेजारच्या सगुणाबाई हात जोडून उभ्या. माय खुर्चीत बसून त्यांना सांगतेय, "पयली पट्टी मायला पाठवली बघा त्यानं. मोठमोठे सायब मागून राह्यलेत, पर आधी माय."

आत माझ्यासाठी चिठ्ठी. तीन ओळी. "अक्का, कॉलेजच्या खोलीत ओल टिकत नाही, तुझं माप चुकलं असेल. पुढच्या महिन्यात कंपनीच्या समितीसमोर दाखवायचं आहे. एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेव आणि तोवर गप्प राहा."

ओल टिकत नाही! तिन्ही चिप एकाच डब्यात, एकाच वाफेत होत्या. ओल काय दोघींसाठी टिकली आणि तिसरीला बघून पळाली? नाचता येईना अंगण वाकडं.

मी पट्टी काढायला गेले, तिनं माझा हात झटकला. "मीने, तुला त्याचं चांगलं झालेलं बघवत न्हाई. ल्हानपणापासून पाहून राह्यले मी." हे माझ्या मायनं मला ऐकवलं. ड्रेसिंग मी बदलते, इन्सुलिन मी टोचते, पू भरलेला कापूस मी उचलते, आणि बघवत नाही ते मला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळाला पाणी आलं होतं त्या दिवशी, तेवढंच नशीब.

डॉक्टर बाईंनी पट्टी पाहिली आणि त्यांचा पारा चढला. "हे काय चिकटवलंय? कोणी सांगितलं?" माय अभिमानानं म्हणाली, "माझ्या लेकानं." बाई माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही सायन्सच्या मॅडम ना?"  बाहेर बाकड्यावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. जखमेच्या विषाची लाल रेघ घोट्याच्या वर चढलीय, त्यांनी पेनानं खूण करून ठेवलीय. आता नुसत्या बोटावर भागणार नाही, पुढचा अर्धा पंजा तरी जाईल म्हणतात. एका पट्टीपायी चार बोटं वाढली.

आणि आता तुला एक सांगते, ते ऐकून तुला झोप लागली तर लागू दे. रविवारी तू विचारलंस, "माय, फरक आहे का?" ती काय म्हणाली आठवतं? "हाय ना रे! झिणझिण्या येऊन राह्यल्यात. काम करतंय तुझं यंत्र." तू खुश झालास. इकडे मला तुझं हसणं ऐकू आलं.

सोमेश्वर, तिच्या त्या पायाला दोन वर्षांपासून जाणीव नाही. मागच्या उन्हाळ्यात बाभळीचा काटा मोडला होता तो मला फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळला. डॉक्टर बाई सुई टोचतात, तिला पत्ता लागत नाही. कसल्या झिणझिण्या? ती खोटं बोलते. तुझं काम खोटं ठरू नये म्हणून ती स्वतःच्या पायाबद्दल खोटं बोलते. तिनं मनाशी ठरवून टाकलंय की पाय कापायला हो म्हटलं म्हणजे लेकाचं यंत्र फसलं असं जगाला सांगितलं.

म्हणून मी म्हणते की तूच बोललं पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यानं हे सुटणार नाही. आता तरी कळलं का?

मीना

---

नवीन जालना, कॉलेज
३१ जानेवारी

सोमेश्वर,

तू खोक्यात जास्तीची एक पट्टी ठेवली होतीस. "एक खराब झाली तर" म्हणून. ती मी कॉलेजात आणली.

मला वाटलं, बेंगळुरूला चांगली यंत्रं आहेत, स्वच्छ खोली आहे, कदाचित तिथं तुला खरंच जमलं असेल. माझंच चुकलं असेल तर बरं, असं म्हणत मी पट्टीचा पापुद्रा शुद्ध पाण्यात भिजवला. त्या पाण्यात चांदीच्या क्षाराचे थेंब टाकले. बारावीच्या पोरींकडून दरवर्षी करून घेते तो प्रयोग. पाण्यात मीठ असेल तर दही लागल्यासारखं पांढरं होतं.

परीक्षानळी पांढरीफटक झाली.

मी पाणी बदललं, नळी बदलली, परत केलं. परत पांढरी. मग एक नंबरच्या जुन्या चिपच्या कडेचा इवला तुकडा तसाच भिजवून पाहिला. पाणी नितळ राहिलं. आपण पापुद्रा व्हिनेगरच्या आम्लात विरघळवतो, त्यात मीठ यायचं कारणच नाही. पट्टीतलं मीठ आपोआप आलेलं नाही. ते घातलेलं आहे.

म्हणजे तुला माहीत होतं.

कधीपासून? माझ्या पत्रानंतर कळलं की आधीच? मला वाटतं आधीच. तिकडे नवीन चिप बनवल्यास, त्या एक आणि दोन नंबरसारख्या इवल्या इवल्या निघाल्या. तीन नंबरसारखी एकही निघेना. वरून साहेब विचारत असतील, तो मोठा प्रवाह कुठंय? मग तू शोधलंस की मीठ टाकलं की आलेख वर जातो. कुंकवाचं तुला माहीत नव्हतं, पण रोग तोच आहे हे तुला कळलं. म्हणून फोन बंद, म्हणून "गप्प राहा". मी जळते म्हणून तू बोलायचं टाळत नव्हतास, मी विचारीन म्हणून टाळत होतास.

 अरे, इवलासा प्रवाह खरा होता ना! दोन चिपांनी जड पाण्याची परीक्षा पास केली होती. त्या घेऊन गेला असतास तर "अजून कमी आहे, वाढवायचा आहे" एवढंच म्हणावं लागलं असतं. कोणी फाशी दिली नसती. पण तुला लहानपणापासून धो धोच पाहिजे. पतंग असो की मार्क.

समितीला फसवायचं तर फसव, तिथं तुझ्याहून शहाणे बसले असतील, ते बघतील. पण मिठाची पट्टी मायच्या पायाला? हात कसा धजावला रे तुझा? की तुला वाटलं, अपाय तर नाही, तेवढ्यात खरी जमेल? तसंच वाटलं असणार. मी तुला ओळखते. तू वाईट नाहीस, तू भित्रा आहेस, आणि त्याचं फळ ती भोगतेय.

मला काही लिहू नकोस. तिला फोन कर. आजच कर.

मीना

---

(पोस्टकार्ड)

सरकारी दवाखाना, जालना
४ फेब्रुवारी

मायला थंडी वाजून ताप. काल दाखल केलं. विष वर चढतंय, आता गुडघ्याखालून पाय काढावा लागेल म्हणतात. ती शुद्धीवर आहे आणि नाही म्हणते. आबा म्हणतात, तिच्या मनाविरुद्ध मी सही करत नाही. सगळ्यांना एकच उत्तर देते, "सोमेशला ईचारा." तुझा फोन बंद लागतो. हे कार्ड मिळायच्या आधी फोन चालू केलास तर बरं. कार्ड उघडं आहे, कोणीही वाचो, मला आता लाज राहिली नाही.

मीना

---

मस्तगड
१२ फेब्रुवारी

सोमेश्वर,

माय जिवंत आहे. पहिलं वाक्य तेच लिहिते. तुला तेवढं तरी आधी कळावं, एवढी मी निर्दयी नाही.

डावा पाय गुडघ्याखालून गेला.

तुझा फोन कार्ड पोहोचल्यावर आला, आबांना. तोवर सगळं होऊन गेलं होतं. तू रडलास म्हणे. आबांनी मला फोन दिला तर मी घेतला नाही. आता तू बोलायला तयार आणि मी नाही, असं आहे हे. पण काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला पाहिजे, आबा अर्धं गिळतात.

डॉक्टर बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत होकार नाही आला तर मी काही करू शकणार नाही. आबा भिंतीकडे तोंड करून उभे. मी तिच्या उशाशी बसले. तिचा हात भाजत होता. मी खूप विचार केला. तुझं मिठाचं सांगावं, तर तिनं ऐकलंच नसतं. माझ्या लेकावर आळ घेतीस म्हणाली असती आणि तोंड फिरवून तशीच गेली असती. त्या बाईला मरण चाललं असतं, तुझी बदनामी चालली नसती.

म्हणून जे तिला कधीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, तेच सांगितलं.

म्हटलं, "माय, खंडेनवमीला तू चिपला कुंकू लावलंस ना, त्यानं यंत्र बिघडलं. कुंकवातला क्षार आत मुरला. सोमेशला आकडे मोठे दिसले, त्याला वाटलं जमलं. पट्टी चालत नाही, माय. पण ते त्याच्यामुळं नाही."

तिनं डोळे उघडले.  मला वाटलं, आता हिचा धीर सुटतो. ओठ हलले, आवाज येईना. मी कान जवळ नेला.

"म्हंजे... त्याचा काई दोस न्हाई?"

मी न्हाई म्हटलं. तिच्या तोंडावर, तिचा हात हातात धरून, न्हाई म्हटलं. तोंडात माती गेल्यासारखं झालं मला.

"खरं सांगतीस?"

"तुझी शपथ, माय."

तिनं मोठा श्वास सोडला. चेहरा असा निवळला, की इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. आबांना हाक मारली, "अहो, इकडं या. डॉक्टरीण बाईला सांगा, कापा म्हणाव. लेकराचं काई चुकलं न्हाई, माझंच चुकलं. कापा."

एवढ्यासाठी अडली होती ती. पाय गेल्याचं तिला काही नव्हतं.

मी कशी बसले असेन तिथं ते तू मनात आण. माझ्या मायला वाचवायला मी तिच्याच डोक्यावर दोष ठेवला आणि तुला धुऊन काढलं. पुन्हा तूच सुटलास! आयुष्यभर तूच सुटत आलास, पण या वेळी मी स्वतःच्या हातानं सोडवलं. याचा राग मी कुणावर काढू? भिंतीवर? विद्यार्थिनींवर काढून झाला, काल एकीला बिनकामाची झापली.

समितीला मी काही कळवलेलं नाही. कळवणारही नाही, ते तुझं तू कर. एक आणि दोन नंबरची चिप सोबत पाठवतेय, कापसात गुंडाळून. समितीसमोर काय ठेवायचं ते आता तरी तुला कळावं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

शुद्धीवर आल्यापासून ती पायाबद्दल एक शब्द बोललेली नाही. सकाळी तिनं मला कागद घेऊन बसवलं. म्हणाली, "मीने, म्या सांगते तसं लिही. मधी तुझं घालू नको." मी लिहिलं, आणि तिनं दोनदा वाचून घेतलं. खाली तिचेच शब्द आहेत.

"सोमेशा, मायचा आशीर्वाद. म्या अडाणी हाय रे, मला काई समजलं न्हाई. तुझ्या चांगल्यासाठी म्हणून कुकू लावलं आन तुझी येवढी मेहनत मातीत घातली. तुला सायबापुढं खाली पाहा लागलं असंल. माझ्या पायाचं मनाला लावून घेऊ नको, म्हातारीला कुठं पळायचं हाय? पर तुझं काम माझ्या हातानं बिघडलं, ते मला झोपू देत न्हाई. मायची माफी कर."

पत्र गेलं का, असं ती दर तासाला विचारते. गेल्यावर विचारेल, त्यानं माफ केलं का.

ये, सोमेश्वर. फोनवर नको, स्वतः ये. तिच्या पलंगापाशी उभा राहा, तिच्या डोळ्यात बघ, आणि कर तिला माफ.

मीना